पंधराचे सहा

३ मार्च, मंगळवार

उत्तर वसाहतीत गोवराचे सात रुग्ण. सगळे एकाच शाळेतले. मॅडमनी बोलावलं — आमच्या आरोग्य खात्याच्या प्रमुख. म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत सांगा, एकूण किती होतील?"

म्हटलं, "ते कशावर अवलंबून आहे हे आधी —"

"अवलंबून नको. आकडा."

चौदा वर्षं या खात्यात साथींचं गणित करतेय. आजवर कोणी 'का' विचारलं नाही. 'किती' एवढंच.

४ मार्च, बुधवार

नवऱ्याने जेवताना विचारलं, तुमचं ते मॉडेल म्हणजे नक्की काय असतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, आज विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. मी त्याच्या लिफ्टबद्दल कधीच विचारलेलं नाही, त्यामुळे फिटंफाट.

तीन वाट्या घेतल्या. पहिलीत ज्यांना गोवर होऊ शकतो ती मुलं. दुसरीत ज्यांना सध्या झालाय ती. तिसरीत होऊन गेलेली, किंवा लस मिळालेली. मुलं म्हणून शिजवलेले वाटाणे. दुसरीतलं एक मूल, कोणालाच लस नसेल तर, पहिलीतल्या पंधरा जणांना ओढून आणतं. पुस्तकांत हा आकडा बारा ते अठरा आहे, आम्ही पंधरा धरतो. आमचं सगळं घर या पंधरावर उभं आहे. शंभरातल्या त्र्याण्णवांपेक्षा जास्त मुलांना लस असेल तर त्या पंधरांपैकी धड एकही हाती लागत नाही आणि साथ आपोआप विझते. त्र्याण्णवच्या खाली गेलात की पेटते.

तो ऐकत होता आणि वाटाणे खात होता. शेवटी पहिली वाटी रिकामी झाली.

"संपली साथ," म्हणाला.

६ मार्च, शुक्रवार

नोंदवहीप्रमाणे उत्तर वसाहतीत चार हजार मुलं, लसीकरण एक्क्याण्णव टक्के. मॉडेल म्हणतं — एकशे साठ रुग्ण. कागद घेऊन निघाले तर दारात सिस्टर. आमच्या सगळ्यात जुन्या परिचारिका. तीस वर्षं दारोदार फिरून टोचतायत, सप्टेंबरात निवृत्त होतील. माझा कागद त्यांनी लांब धरून वाचला. चष्मा विसरल्या होत्या.

"एक्क्याण्णव? हे कोणी मोजलं?"

"नोंदवहीत आहे."

"नोंदवहीत टोचलेली मुलं असतात. गेल्या दोन वर्षांत राहायला आलेली कुठे असतात?"

मॅडमकडे जाऊन दोन दिवस मागून घेतले. त्यांनी असं पाहिलं, जणू मी जमीन मागितली.

१० मार्च, मंगळवार

काल आणि आज सिस्टरांबरोबर दारं मोजली. दोनशे चौदा घरं. पायांचे तुकडे पडलेत. चौदा वर्षांत पहिल्यांदा माझे वाटाणे समोरासमोर पाहिले. ते नाक पुसत नाहीत, आणि मोजायला उभे राहत नाहीत.

एका घरात पोरीच्या अंगभर पुरळ, डोळे लालभडक. बाप म्हणाला, घामोळं आहे. सिस्टर म्हणाल्या, "घामोळ्याला ताप किती आहे?" तो म्हणाला, "एकशे तीन." त्यांनी त्याला रागावलं नाही. पोरीला अंधाऱ्या खोलीत निजवायला सांगितलं, पाणी किती पाजायचं, दवाखान्यात कधी न्यायचं ते सांगितलं, आणि जाता जाता धाकट्या दोघांची कार्डं मागितली. कार्डं नव्हती. मुलं होती.

घरी येऊन बेरीज केली. एक्क्याण्णव नाही. ब्याऐंशी.

मॉडेल म्हणतं — सहाशे चाळीस.

१२ मार्च, गुरुवार

बैठक. मी म्हटलं, "दोनशेपासून नऊशेपर्यंत काहीही होऊ शकतं, बहुधा सहाशे चाळीसच्या आसपास." मॅडमनी वहीत फक्त ६४० लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. बहुधा हा शब्द तिथेच खुर्चीत बसून राहिला असेल.

लस किती आहे? शंभर बाटल्या, एकीत दहा डोस. नवा साठा दोन महिन्यांनी. मॅडमनी विचारलं, नदीकाठच्या वसाहतीचं काय? तिथली नोंदवही सत्त्याण्णव टक्के सांगते. मी म्हटलं, सत्त्याण्णवला साथ पेटत नाही. शंभरच्या शंभर बाटल्या उत्तरेला.

सिस्टर कोपऱ्यात बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत.

१३ मार्च, शुक्रवार

पेपरात बातमी. 'सहाशे चाळीस मुलांना गोवर होणार — गणितज्ञ.' माझा फोटोही. त्यात मी ते सगळं घडवून आणणार असल्यासारखी दिसते.

दुपारी दादाचा फोन. दादा नदीकाठी राहतो. त्याची मुलगी साडेसहा महिन्यांची. गोवराची लस नवव्या महिन्यात देतात. साथ असेल तर सहाव्यानंतरही देता येते, पण ती फक्त साथीच्या भागात.

"अगं, एक डोस," म्हणाला. "एकच. तुझ्या हातात आहे."

"माझ्या हातात नाही. आणि तुमच्याकडे सत्त्याण्णव टक्के आहे. तिला धोका जवळजवळ शून्य."

"जवळजवळ."

"दादा, आज मी भाचीला दिला तर उद्या सगळं खातं आपापल्या भाच्या घेऊन येईल."

तो म्हणाला, "बरं." वहिनीने मागून काहीतरी विचारलं, ते ऐकू आलं नाही. मोहिमेच्या गाडीत बसून बोलत होते. सिस्टर शेजारी बसून बाटल्यांची पेटी बंद करत होत्या.

बरोबरच केलं. बरोबर केल्यावर माणसाला बरं वाटायला हवं, अशी काही अट नसते.

१६ मार्च, सोमवार

मोहीम सुरू. आज शहाण्णव टोचले. एका आजीने मला विचारलं, "तुम्हीच का त्या आकडेवाल्या बाई?" हो म्हटलं. म्हणाल्या, "आमच्या नातवाचा कितवा नंबर?"

२ एप्रिल, गुरुवार

मोहीम संपली. शंभर बाटल्या उघडल्या, आठशे डोस दिले, दोनशे वाया. हे नेहमीचंच — बाटली उघडली की सहा तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. एका मुलासाठी बाटली उघडली तर नऊ डोस गेले. सिस्टरांनी रकान्यात 'वाया : २००' लिहून सही केली. त्यांची सही फार सुबक आहे.

वहिनी फोन उचलत नाही. दादा उचलतो, "सगळं ठीक" म्हणतो, ठेवतो. पूर्वी वीस मिनिटं स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलायचा.

१६ एप्रिल, गुरुवार

उत्तर वसाहत : अठ्ठ्याऐंशीवर थांबली. सहा दिवसांत नवा रुग्ण नाही. कोणी दगावलं नाही.

पेपर : 'सहाशे चाळीस म्हणाले, निघाले अठ्ठ्याऐंशी.' फोटो तोच.

मॅडमना नगरसभेत विचारलं गेलं की उरलेले पाचशे बावन्न कुठे आहेत. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घरी. लस टोचलीय त्यांना." लोक हसले. मी विनोद केला नव्हता.

नवरा म्हणाला, "मी लिफ्ट दुरुस्त केली आणि ती पडली नाही, की लोक म्हणतात दुरुस्तीची गरजच नव्हती." या विषयावर आमचं एकमत झालं. लग्नानंतरचं बहुधा दुसरं.

२० एप्रिल, सोमवार

नदीकाठी चार रुग्ण.

दोन्ही वसाहतींची मुलं एकाच तलावात पोहायला शिकतात. माझ्या मॉडेलमध्ये तलाव नव्हता.

दादाला फोन. "काही दिवस बाळाला घेऊन वहिनीच्या माहेरी जा."

"नको. ठीक आहोत आम्ही."

"दादा, चार रुग्ण आहेत. तुझ्या पुढच्या गल्लीत."

"कळलं ना. तू काळजी करू नकोस."

त्याचा आवाज अगदी शांत होता. माझ्यावर राग असेल तर तो माझ्यावर काढावा. पोरीवर का काढतो?

२३ एप्रिल, गुरुवार

तीन दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, नदीकाठची दारं मोजली. या वेळी एकटी. सिस्टर रजेवर, गुडघा सुजलाय म्हणे. सध्या सगळ्यांचेच गुडघे.

इथले लोक विनाकारण बरे वागतात. उत्तरेत मला दाराबाहेर उभं केलं होतं. इथे खुर्ची, पाणी, चहा. मुलांची कार्डं मागितली की हसतात आणि लगेच आणून देतात. एक बाई म्हणाली, "तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला ठाऊकच आहे." एका आजोबांनी मला डोळा मारला. वय झालं असावं.

कार्डांवरचं मात्र हसण्यासारखं नाही. अकराशे मुलं, त्यातल्या एकशे शहात्तरांची लस राहिलेली. नवे लोक इथेही आलेत, कोणी खाजगी डॉक्टरकडे देऊ म्हणत राहून गेलेत. नोंदवहीत सत्त्याण्णव. प्रत्यक्षात चौऱ्याऐंशी.

हे मी मार्चमध्ये मोजलं नाही. बसल्या जागी वहीवरून घेतलं. आणि त्यावर भाचीला नाही म्हणाले.

परत येताना वहिनी बागेत दिसली. बाळ गाडीत, टोपी तिरकी. शंभर माणसांत. मी लांबूनच वळले.

मॉडेल म्हणतं — दीडशे.

२४ एप्रिल, शुक्रवार

मॅडमना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "पुन्हा?"

"पुन्हा. या वेळी माझीच चूक. मार्चमध्ये तिथे मोजायला हवं होतं."

लस नाही. नवा साठा मेच्या मध्याला. रुग्णालयात वीस खाटा राखून ठेवल्या. मॅडम म्हणाल्या, "पेपरात काही जाणार नाही. गेलं तर नगरसभेत तुम्ही याल आणि उरलेले कुठे आहेत ते सांगाल."

५ मे, मंगळवार

नदीकाठ : चार.

रोज सकाळी नऊला पहिला फोन रुग्णालयाला. तिथला कारकून आता हॅलो म्हणत नाही. "चारच," म्हणतो आणि ठेवतो.

१२ मे, मंगळवार

चार.

दुसरी फेरी यायला हवी होती. आली नाही. खरं तर आनंद व्हायला हवा. झालाही, पहिले दोन दिवस. आता रोज समीकरण उघडून बसते. अधिक-उणे तपासलं, दिवस तपासले, कार्डं पुन्हा मोजली. एकशे शहात्तर उघडी मुलं, चार रुग्ण, आणि पुढे काही नाही. आगपेटीच्या कारखान्यात काडी पेटली आणि विझून गेली.

भाची बरी आहे. दादाने फोटो पाठवला. खाली काहीच लिहिलं नव्हतं.

२० मे, बुधवार

नवा साठा आला. मॅडम म्हणाल्या, साथ तर गेली, नदीकाठी आता घाई नाही. ज्यांचा नंबर येईल ते येतील. वीस खाटा मोकळ्या केल्या.

वरून सल्लागार आले होते. सगळ्या शहरांसाठी साथींची मार्गदर्शिका तेच लिहितात. नदीकाठचा आलेख बघून खुलले. "मोकळी वसाहत, मोठी घरं, रुंद रस्ते. तिथे एक मूल पंधरांना देतच नाही. तुमच्या आकड्यांत बसवून बघा, किती येतं?"

बसवून पाहिलं. सहा येतं.

"मग सहा लिहा. मोकळ्या वसाहतींसाठी सहा. मोठं काम केलंत."

गोवर आजवर कुठेही सहावर आलेला मी वाचलेला नाही. पण समोर आकडे होते. आकडे नाही म्हणतायत आणि मी हो म्हणतेय, असं करायला मी काय नगरसभेत आहे?

२७ मे, बुधवार

अहवाल लिहिते आहे. सहा धरलं की मोकळ्या वसाहतीत त्र्याऐंशी टक्के लस पुरते. पंधरा धरलं तर त्र्याण्णव. दहा टक्क्यांचा फरक. देशभरच्या अशा वसाहतींत ही किती मुलं होतात ते काढलं. मग कागद उलटा ठेवला.

नवऱ्याला सांगितलं. तो बुटाची नाडी सोडत होता. म्हणाला, "आमच्या लिफ्टमध्ये पाटी असते, आठ माणसं. एकदा नऊ चढली आणि काही झालं नाही, म्हणून पाटी बदलायची?"

"तुझी पाटी कारखान्यातून येते. माझी मी लिहिते."

"मग त्या दिवशी नऊच होती का, ते तरी बघ."

एकशे शहात्तर मी स्वतः मोजलीत, म्हटलं. त्याने नाडी सोडली.

४ जून, गुरुवार

अहवाल पूर्ण. सोमवारी मॅडमची सही, मग वर.

६ जून, शनिवार

दादाकडे गेले. कोणी बोलावलं नव्हतं. पोरीला नववा महिना पूर्ण झालाय, लसीची आठवण करून द्यायची, शिव्या खायच्या आणि परत यायचं — एवढंच ठरवलं होतं.

वहिनीने दार उघडलं आणि मला घट्ट मिठी मारली. मी तशीच उभी. पिशवी हातात.

म्हटलं, "वहिनी, तिला नऊ महिने झाले. सोमवारी केंद्रावर घेऊन या. पहिला डोस."

"दुसरा ना?"

"पहिला."

"अगं, पहिला तर तुझ्या सिस्टरनी दिला ना. मार्चमध्येच. संध्याकाळी आल्या होत्या, पेटी घेऊन." तिने दादाकडे पाहिलं. "आता बोललं तर चालतं ना? की अजून नाही?"

दादा म्हणाला, "सिस्टर म्हणाल्या, तूच पाठवलंयस. पण नोंदीत नाही, म्हणून बोलायचं नाही, तुझ्या नोकरीवर येईल. हिला तर फोनवर बोलायचीच भीती वाटायची, तोंडून निघून जाईल म्हणून. तुझा फोन कोणी ऐकत असलं तर?"

माझा फोन कोणी ऐकत नाही. पुष्कळदा समोरचाही ऐकत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही.

"फक्त तुमच्याकडे आल्या होत्या?"

"छे. सगळ्या गल्लीत. पलीकडच्याही. सगळ्यांना हेच सांगितलं, आकडेवाल्या बाईंनी पाठवलंय."

भाची मांडीवर आली. माझा चष्मा ओढला. तिच्या दंडावर कसलीही खूण नाही. मी बराच वेळ शोधली.

७ जून, रविवार

सिस्टरांच्या घरी. एक खोली, दोन खुर्च्या, गुडघ्याला पट्टा — तो तरी खरा निघाला. मी काही बोलायच्या आत त्यांनी कपाटातून शाळेची वही काढली. एकशे एकतीस नावं. वय, घर, तारीख, पुढचा डोस कधी.

वाया गेलेल्या दोनशेंतले एकशे एकतीस. शेवटची बाटली मुद्दाम उशिरा उघडायच्या, आणि उरलेले डोस घेऊन घरी जाताना नदीकाठी उतरायच्या. सोळा संध्याकाळी.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून तुम्ही काय केलं असतं? बाटल्या वाटून घेतल्या असत्या, अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे. दोन्हीकडे कमी पडल्या असत्या. मी फक्त फेकायच्या घेतल्या."

"तिथे सत्त्याण्णव नाही हे तुम्हाला बैठकीतच माहीत होतं."

"तुम्ही मला उत्तरेचंच विचारलं होतंत."

मी वहीचं पान उलटलं.

"आणि माझं नाव?"

"माझ्या नावावर दार कोण उघडतं? तुमचा फोटो आला होता पेपरात. लोक घाबरलेले होते. म्हटलं, त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे."

"दादाच्या घरी आधी गेलात?"

"नाही. सत्ताविसावं घर. वशिला नाही." मग वही बंद करत म्हणाल्या, "गाडीत तुम्ही नाही म्हणालात ते ऐकलं होतं मी. बरोबर म्हणालात. तुम्ही नाहीच म्हणायला हवं होतं."

एकशे शहात्तरांतून एकशे एकतीस गेले. उरले पंचेचाळीस. अकराशेत पंचेचाळीस म्हणजे लसीकरण शहाण्णवच्या जवळ. त्र्याण्णवच्या वर. साथ विझणारच होती. पंधराच. सहा कधी नव्हतंच. खिशातल्या पावतीच्या मागे तिथेच हिशेब केला. मॉडेल बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच दीडशेचा आकडा चुकला.

त्यांना अहवालाबद्दल सांगितलं. सहा वर गेला तर दुसऱ्या गावच्या नदीकाठी कोणी सिस्टर उरलेल्या बाटल्या घेऊन फिरत नसेल, हेही सांगितलं. त्यांनी पट्टा सैल केला, पुन्हा आवळला.

"मग लिहा माझं नाव," म्हणाल्या. "तीन महिनेच राहिलेत. काढून काढून काय काढतील?"

त्यांचं काय काढतील ते दोघींनाही ठाऊक होतं. तीस वर्षांची पेन्शन.

वही घेऊन आले.

८ जून, सोमवार

अहवालात सहा खोडून पंधरा केले. खाली कारण : 'नदीकाठी एकशे एकतीस मुलांना नोंदीबाहेर लस देण्यात आली.' सिस्टरांची वही घरीच ठेवली. यादी माझ्या अक्षरात उतरवून जोडली.

मॅडमनी दोनदा वाचलं. "कोणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या," म्हटलं. "कुठल्याही घरी विचारा."